अकरा मिनिटं

एम्डेनच्या बचत बँकेच्या तळघरात
एकेचाळीस सर्व्हर होते. एका शनिवारी रात्री
त्यांचं बिऱ्हाड हलवायचं ठरलं.

खरं तर हलवण्यासारखं काही नव्हतंच.
लोखंड जागच्या जागी राहणार, पुढं भंगारात जाणार,
हलायचं होतं ते आतलं:
कर्जाचे हप्ते, मुदत ठेवी, सह्यांचे नमुने,
मच्छीमार संघाचं ते खातं, जे कधीच जुळत नाही.
एकेचाळीस जीव तीन नव्या पेट्यांत.
सोपं आहे, त्यार्क म्हणाला.
त्यार्क सव्वीस वर्षांचा आहे.

ओको गप्प होता. चहा करत होता.
आमच्याकडचा रिवाज असा, की आधी खडीसाखर,
तिच्यावर चहा, मग ती तडकल्याचा आवाज ऐकायचा,
कडेनं साय सोडायची आणि ढवळायचं नाही.
तीन कप झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही.
या यंत्रांना बेटांची नावं त्यानंच दिलेली,
बोर्कुम, युइस्ट, बाल्ट्रुम, लांगेओग.
सात बेटं संपल्यावर वाळूचे दांडे घेतले,
तेही संपल्यावर नुसते आकडे.

दहाला बाल्ट्रुम गोठवलं.
गोठवणं म्हणजे बंद करणं नव्हे.
बोलणाऱ्याचा श्वास वाक्याच्या मध्यावर धरून ठेवायचा,
सगळी स्मृती उचलून पलीकडे ठेवायची,
मग श्वास सोडायचा.
वाक्य पुढं सुरू. त्याला कळतही नाही
की अंग आता आपलं राहिलेलं नाही,
याच अंगात आणखी बारा जण नांदताहेत
आणि प्रत्येकजण समजतोय की घर माझं एकट्याचं.
परकायाप्रवेश म्हणावं, तर गोष्टीतल्या राजाला
शरीर बदललंय एवढं तरी ठाऊक असायचं.

सतरा नंबर काय करतो, कोणालाच माहीत नव्हतं.
यादीत त्याच्यापुढं एक प्रश्नचिन्ह,
हिनरीकेच्या अक्षरातलं. हिनरीका जाऊन नऊ वर्षं झाली.
त्यार्क म्हणाला, वायर काढू या, बघू कोण ओरडतं.
ओको म्हणाला, नाही.
तो त्या रात्रीचा त्याचा पहिला शब्द.
मग सतरालाही नेलं, प्रश्नचिन्हासकट.

त्याला अकरा मिनिटं लागली.
पलीकडे जागा झाला तेव्हा त्याच्या घड्याळात
एक वाजून बारा, भिंतीवर एक तेवीस.
त्यार्कनं एक ओळ टाइप केली. घड्याळ जुळलं.

पण मी सत्तावीस वर्षं व्याज मोजलंय.
एका दिवसाची चूक झाली तर
बोरसुमच्या शेतकऱ्याचं चार पानी पत्र येतं.
अकरा मिनिटं अशी पुसायची?
तेवढ्यात ओकोनं बूट काढून पाय चोळले होते,
बंदरात एक बोट भोंगा वाजवून गेली होती,
आणि मला, काही कारण नसताना,
वडिलांचा ओला लोकरी कोट आठवला होता.
यातलं काहीच सतराच्या खाती जमा नाही.

संचालकांना मी कागद दिला:
वीज इतकी वाचली, जागा इतकी मोकळी झाली.
मागच्या अंगणातल्या जाळीबद्दल लिहिलं नाही.
तिच्यातून तळघराची ऊब वर यायची
आणि तिथं सफाईच्या सेव्दाबाईंची जिरॅनियमं
भर जानेवारीत लाल असायची.
यंदा कुंड्या काळ्या पडल्या.
सेव्दाबाईंनी एवढंच विचारलं,
खाली कोणी गेलं का?

ओको मार्चमध्ये निवृत्त होतोय.
अधूनमधून खाली जाऊन
रिकाम्या फळ्यांसमोर उभा राहतो, स्वेटर घालून,
आता तिथं गारवा सोडणारं यंत्र नाही तरी.
काल म्हणाला, सतरा अजून काहीतरी करतोय.
दर महिन्याच्या पाच तारखेला, पहाटे, चार सेकंद.
काय, ते कळत नाही.
पण करतोय.

बस, मी म्हटलं.
अजून दोन कप राहिलेत.